हंड्यावरचे नाव

कराडमधील एका जुन्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा माळ्यावरची हिरव्या रंगाची लोखंडी ट्रंक कोणाच्याच वाट्याला जाईना, म्हणून ती माझ्याकडे आली. मी सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात तीस वर्षे ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतरही जुन्या कागदांचा विषय निघाला की ओळखीच्या माणसांना माझी आठवण होते. ट्रंकेच्या मूळ मालकाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांच्या वारसांशी व्हायच्या करारावर अद्याप सह्या झालेल्या नाहीत आणि तोपर्यंत नाव प्रसिद्ध न करण्याचा शब्द मी दिला आहे. ते युरोपातून आलेले पत्रकार होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते कराडला पोहोचले, एका शिक्षकांच्या घरी उतरले आणि पुढचे काही आठवडे कराड, पाटण, कोयनानगर अशा फेऱ्या मारत राहिले. १९६८ च्या पावसाळ्याआधी ते पुन्हा आले आणि १९७३ मध्ये दुष्काळाची पाहणी करण्यासाठी माणदेशात आले तेव्हाही याच घरी राहिले. जाताना ट्रंक तेथेच ठेवून गेले. पुढच्या खेपेस नेईन, असे ते म्हणाले होते, असे त्या शिक्षकांच्या सूनबाई सांगतात. पुढची खेप झाली नाही.

ट्रंकेत अकरा रोल कृष्णधवल निगेटिव्ह होती, सहा-सहा चौकटींच्या पट्ट्यांत कापून पारदर्शक कागदाच्या पाकिटांत घातलेली. त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे एका रोलमधील सगळ्या चौकटी निगेटिव्हच्याच आकारात एकत्र छापलेले कागद, होत्या. निरनिराळ्या आकारांचे ११८ प्रिंट होते, लघुलिपीत लिहिलेल्या चार वह्या होत्या, एक ओळखपत्र होते, एसटीची तिकिटे, तारेचे कोरे फॉर्म, टंकलेखनयंत्राच्या रिबिनीची पत्र्याची डबी, त्या डबीत एक काळा दगड, आणि सर्वांत खाली घडी करून ठेवलेली एक घोंगडी. दगड कशाचा हे कोणालाच सांगता आले नाही. घोंगडी मात्र माणदेशातल्या धनगरवाड्यावर कोणीतरी त्यांच्या अंगावर घातली होती, हे सूनबाईंनी नक्की सांगितले, कारण परत आल्यावर ते ती दोन दिवस खांद्यावरून उतरवतच नव्हते.

भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचे गाव पाटण तालुक्यात, धरणापासून बऱ्यापैकी लांब, त्यामुळे आमचे घर वाचले. पण त्या पहाटे आईने आम्हा तिघांना ओढत खळ्यात आणले आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही कडब्याच्या गंजीच्या आडोशाला झोपलो, हे मला आजही स्पष्ट आठवते. कोयनानगरमधील बहुतेक घरे एक तर पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे गेली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागाला भेगा गेल्या आणि पुढे भिंतीला मागून आधार देऊन ते बळकट करावे लागले. शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासूनच त्या भागात लहान-लहान धक्के जाणवत होते, आणि धरणातील पाण्याच्या साठ्याने भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना कोयनेचे नाव आजही घ्यावेच लागते. त्यामुळे या भूकंपाविषयी लिहिलेले पुष्कळ आहे: भिंतीवरील भेगांचे नकाशे आहेत, नोंदयंत्रांवरील आलेख आहेत, शोधनिबंध आहेत. ज्यांची घरे पडली त्यांचे चेहरे मात्र त्यात नाहीत. ट्रंक उघडून पहिली कॉन्टॅक्ट शीट खिडकीपाशी नेली आणि भिंग लावले तेव्हा मला प्रथम ते चेहरे दिसले.

वस्तू जपणे हे माझ्या व्यवसायाचे अंग असले तरी छायाचित्रे जपणे म्हणजे पुस्तके जपणे नव्हे, हे मला या कामात नव्याने शिकावे लागले. पुस्तकाचे मुख्य शत्रू वाळवी, कसर आणि ओल. छायाचित्राला हे तीनही आहेतच, शिवाय ज्या वस्तू आपण काळजीपोटी त्याच्याजवळ ठेवतो त्याही त्याला बाधतात. रबरबँडमधील गंधकाने प्रिंटवर पिवळट-तपकिरी डाग पडतात. टाचणी आणि क्लिप गंजतात. चिकटपट्टीचा डिंक वर्षानुवर्षे कागदात उतरत राहतो आणि मग पट्टी निघाली तरी डाग जात नाही. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांतून निघणारी द्रव्ये प्रिंटच्या पृष्ठभागाला चिकटतात. आपल्याकडे लग्नाचे फोटो ज्यांत लावतात ते, पान चिकट असून वरून पारदर्शक पापुद्रा बसवलेले अल्बम तर सर्वांत वाईट. माळ्यावर कसर लागू नये म्हणून कोणीतरी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. मी पहिल्याच दिवशी त्या काढून टाकल्या आणि सगळे सामान आठवडाभर सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत उघडे ठेवले. पोथ्या रुमालात बांधून त्यात वेखंड ठेवण्याची आपली पद्धत मला प्रिय आहे आणि कागदासाठी ती उपयोगीही आहे, पण निगेटिव्हच्या जवळ मी वेखंडसुद्धा ठेवले नाही.

गोळ्यांचा वास गेल्यावर त्याच्याखालचा दुसरा वास कळू लागला. लोणच्याच्या बरणीचे झाकण काढल्यावर येतो तसा, आंबूस. त्या काळातील फिल्म सेल्युलोज ॲसिटेटवर बनत असे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे त्या पट्टीचे विघटन सुरू झाले की त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बाहेर पडू लागते. एकदा हे सुरू झाले की बाहेर पडलेले आम्लच पुढच्या विघटनाला वेग देते. पट्टी आकसते, ठिसूळ होते, वरचा चित्राचा थर सुरकुततो आणि सुटतो. शेजारची चांगली फिल्मही त्या वाफेने लवकर बिघडते. यावर उलट फिरवणारा इलाज नाही. थंडीत, कोरड्या हवेत ठेवले तर ही क्रिया अतिशय मंदावते, इतकेच करता येते. अकरापैकी तीन रोलांना हा वास स्पष्ट येत होता आणि त्यांतील एका रोलच्या पट्ट्या कडेने लाटेसारख्या वाकल्या होत्या. ते तीन रोल मी त्याच संध्याकाळी बाकीच्यांपासून वेगळे केले.

घोंगडीला कसर लागली होती. तिच्यावर औषध मारण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला, पण औषधाचे अंश लोकरीत राहतात. शेवटी तिची सैलसर गुंडाळी करून, पिशवीत हवाबंद करून, ओळखीच्या एका आइस्क्रीमच्या दुकानदाराच्या डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवली. त्याने तेवढ्यासाठी फ्रीझरचा एक कप्पा रिकामा करून दिला आणि विचारूनही पैसे घेतले नाहीत. नंतर पिशवी न उघडता एक दिवस बाहेर ठेवली, म्हणजे तिच्यावर दव धरू नये, आणि मग मऊ ब्रशने झाडून घेतली. आता ती धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवली आहे. तिच्या एका कोपऱ्याला गवताचे बारीक कुसळ अडकलेले आहे, ते मी काढले नाही.

या कामात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती लिहून ठेवणे आवश्यक आहे. अभिलेखागाराचा पहिला नियम असा की, सामान ज्या क्रमाने हाती आले तो क्रम आधी जसाच्या तसा नोंदवायचा, कारण मालकाने कशाशेजारी काय ठेवले होते हीदेखील माहितीच असते. पुस्तकांची विषयवार मांडणी करण्याची तीस वर्षांची सवय मला नडली. पहिल्या दोन दिवसांत मी ११८ प्रिंट धरण, घरे, माणसे, छावणी, दुष्काळ अशा पाच गठ्ठ्यांत लावून मोकळी झाले. पुढे एका वहीतील पानावर प्रिंटांचे क्रमांक ओळीने लिहिलेले सापडले, तेव्हा लक्षात आले की ट्रंकेतील ते गठ्ठे म्हणजे एकेका दिवसाचा प्रवास होता: सकाळी ते कोठून निघाले, वाटेत कोणत्या वस्तीवर थांबले, संध्याकाळी कोठे पोहोचले. मी तो प्रवास विस्कटून टाकला होता. निगेटिव्हच्या काठावर चौकटींचे आकडे छापलेले असतात म्हणून पुष्कळसा क्रम परत लावता आला. परंतु एकोणीस प्रिंट असे आहेत की ज्यांची निगेटिव्हच ट्रंकेत नाहीत. त्यांची मूळ जागा आता कधीही कळणार नाही. दाखलनोंदवहीत मी त्यांच्यापुढे तसेच लिहिले आहे, आणि त्याचे कारणही.

दुसरी हानी माझ्या आधीची आहे आणि ती मला अधिक सलते. पूर्वी एकदा, कराडच्या त्या घरातून थोडे प्रिंट एका संस्थेने भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या प्रदर्शनासाठी नेले होते. हेतू चांगलाच होता. पण बावीस प्रिंट पांढऱ्या गोंदाने थर्मोकोलवर पक्के चिकटवले गेले, खाली सुवाच्य अक्षरात ‘निसर्गाचे रौद्र रूप’, ‘हताश माता’, ‘उद्ध्वस्त संसार’ अशा पट्ट्या लावल्या गेल्या आणि प्रदर्शन संपल्यावर ते तसेच्या तसे परत आले. त्या प्रिंटांच्या पाठीवर काय लिहिले होते ते आता थर्मोकोलच्या बाजूला आहे. इतर प्रिंटांच्या पाठीवर पत्रकारांनी मऊ पेन्सिलीने दिवस, गाव, आणि क्वचित एखादे नाव रोमन अक्षरांत, कानाला ऐकू आले तसे लिहिलेले आहे. त्यावरून त्या बावीस पाठींवरही काही असणार हे उघड आहे. मुंबईतील एका जाणत्या संवर्धकाला मी त्यांतील दोन दाखवले. थर्मोकोल पातळ पात्याने थराथराने कापत न्यावे लागेल, वेळ लागेल आणि पाठीवरची पेन्सिल वाचेलच असे नाही, असे त्यांनी सांगितले. घाईने सोडवण्यापेक्षा मी ते तसेच, सपाट डब्यांत ठेवले आहेत.

‘हताश माता’ या पट्टीने मला कामाची दिशा दाखवली, असे म्हटले पाहिजे. त्या चित्रात एक बाई पडलेल्या भिंतीच्या दगडांवर बसली आहे, डोक्यावरचा पदर एका हाताने धरलेला आहे आणि शेजारी तांब्याचा हंडा आहे. थर्मोकोलवरच्या पट्टीने तिला हताश ठरवले आणि माताही ठरवले. सुदैवाने या चौकटीचे निगेटिव्ह ट्रंकेत होते. ते चार हजार डीपीआयला स्कॅन केले, आणि चेहऱ्याकडे पाहता पाहता माझे लक्ष हंड्याच्या गळ्याकडे गेले. तेथे ठोक्यांनी घातलेले नाव होते. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव, कधी तारीख, ठिपक्याठिपक्यांनी घालण्याची रीत आहे हे कोणाला सांगायला नको. पडद्यावर चित्र मोठे करत गेले तसे ते ठिपके अक्षरांसारखे दिसू लागले. हंडा गोल असल्याने दोन्हीकडची अक्षरे वळून दिसेनाशी झाली होती. मधले आडनाव आणि त्यापुढे गावाची पहिली दोन अक्षरे तेवढी वाचता आली. चित्र काढणाऱ्याला ही अक्षरे वाचता येत नव्हती. बहुधा ती त्यांच्या लक्षातही आली नसतील. तरी पन्नासहून अधिक वर्षे ती त्या बोटभर फिल्मवर होती.

गावाच्या त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी पाटण तालुक्यातील गावे मी लिहून काढली आणि प्रिंटच्या प्रती घेऊन, कधी एसटीने, कधी भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, एकेका गावी गेले. चौथ्या गावात, देवळाच्या पारावर बसलेल्या एका आजोबांनी चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ धरले आणि शेजारच्या घराकडे बोट केले. त्या घरातील ऐंशी ओलांडलेल्या आजींनी चेहरा पाहण्याआधी हंडा पाहिला. “ह्यो हंडा माझ्या थोरल्या जावंचा. तिच्या मामानं दिल्याला. आजून हाय की आत,” असे म्हणत त्या उठल्या, आणि नातवाने आतून खरोखरच हंडा आणून ओसरीवर ठेवला. त्याला एका बाजूने पोचा पडला आहे. गळ्यावरचे नाव बोटांनी चाचपता येते. चित्रात न दिसणारी अक्षरेही मी तेथे वाचली.

त्या आजींनी सांगितलेली हकिकत मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली आहे, आणि कुटुंबाच्या इच्छेमुळे नावे येथे देत नाही. थोडक्यात इतकेच की, चित्रातील बाई त्या वेळी हताश नव्हती. घर पडल्यावर तिने दोन्ही मुले आणि सासू यांना बाहेर काढले होते आणि माती उपसून भांडी काढत होती. हंडा शेवटी निघाला. ती दमून बसली होती. “गोरा सायब फोटू काढाय लागला तवा ती म्हणली, मर्दा, हात लाव की जरा,” हे सांगताना आजी हसल्या, आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत. साहेबांनी हात लावला का, असे मी विचारले. लावला, असे त्या म्हणाल्या. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून त्यांनी दोन तुळया बाजूला केल्या. वहीतील लघुलिपी वाचणारे एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक मला पुढे साताऱ्यातच भेटले. त्या दिवसाच्या पानावर याविषयी एक शब्दही नाही. ते पान सगळे आकड्यांचे आणि रस्त्यांचे आहे.

तेव्हापासून मी हे काम उलट्या बाजूने पाहू लागले. कागद, डबे, तापमान, दमटपणा यांची व्यवस्था कोठेही होऊ शकते. पैसा आणि यंत्रणा असेल तेथे ती आमच्यापेक्षा चांगलीच होईल. चित्रातील माणसांची नावे मात्र फक्त येथे मिळू शकतात, आणि तीही अजून थोडीच वर्षे. १९६७ मध्ये जी माणसे तिशीत होती ती आज नव्वदीच्या आसपास आहेत. शिवाय कोयनेची माणसे एका ठिकाणी राहिलेली नाहीत. धरणासाठी आधीच उठलेली गावे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी दूरवर वसवली गेली होती. भूकंपानंतर आणखी माणसे कामासाठी मुंबईला गेली. एकेका चित्रासाठी तीन-तीन ठिकाणी विचारावे लागते. ओळखीची खूण क्वचितच चेहऱ्यात सापडते. पटका बांधण्याची तऱ्हा, बैलाची शिंगे, दाराच्या चौकटीवरील नक्षी, कमरेवर बसवलेल्या मुलाच्या पायातील वाळे यांवरून माणसे आपली माणसे ओळखतात. आजवर ९४ जणांची नावे मिळाली आहेत. प्रत्येक नाव किमान दोन वेगवेगळ्या घरांतून मिळाल्याशिवाय मी ते पक्के धरत नाही, आणि एकाच घरातून मिळालेले नाव पेन्सिलीने लिहून ठेवते.

मृतांची चित्रे मी कोठेही नेत नाही. तशी सात आहेत. ती वेगळ्या पाकिटात आहेत, त्यांचे स्कॅन वेगळ्या कप्प्यात आहेत आणि घरच्या माणसांनी स्वतः विचारल्याखेरीज ती कोणाला दाखवायची नाहीत असे नोंदवहीत लिहिले आहे. एकदाच एका गृहस्थांनी विचारले. त्यांच्या वडिलांचे एकही चित्र घरात नव्हते. मी त्यांना आधी शब्दांत सांगितले की चित्रात काय आहे, आणि दुसऱ्या दिवशी या, असे म्हटले. ते दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आले. दोघांनी पाहिले, प्रत नेली नाही, पण पाकिटावर वडिलांचे पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहिले.

पत्रकारांचे पुतणे परदेशात असतात. त्यांना हा संग्रह तेथील एका विद्यापीठाला द्यायचा होता, आणि पहिल्या पत्रात मी त्यांना स्पष्ट नकार कळवला होता. आपल्या जिल्ह्यातून चित्रे आणि टिपणे घेऊन गेलेले परदेशी पत्रकार काही थोडे नाहीत. जुलै १९४४ मध्ये लंडनच्या ‘न्यूज क्रॉनिकल’चे स्टुअर्ट गेल्डर पाचगणीत गांधीजींना भेटले, जुलै १९४६ मध्ये अमेरिकेचे लुई फिशर त्यांना पाचगणीतच भेटले. फिशर यांची कागदपत्रे आज प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत. १९४६ मध्ये चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचे चित्र काढणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे कागद सिरॅक्यूज विद्यापीठात आहेत. ती तेथे उत्तम राहिली आहेत याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, परंतु त्या चित्रांतील माणसाचे नाव जगाला माहीत होते. आमच्या चित्रांतील बाईचे नाव परदेशातील सूचीत ‘वृद्ध स्त्री, कोयनानगरजवळ’ असे जाईल आणि कायमचे तसेच राहील, ही माझी धास्ती होती. ती चित्रात चाळिशीचीही नाही.

गेल्या पावसाळ्याने माझा हट्ट अर्धा मोडला. निगेटिव्हच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळ्या करायच्या, असे मी दर दोन-तीन दिवसांनी करत होते. तरी जुलैमध्ये खोलीतील आर्द्रतामापकाचा काटा आठवडाभर ८५ च्या खाली आला नाही, आणि फिल्मसाठी तो ५० च्या आत असावा लागतो. त्या महिन्यात चौथ्या रोललाही आंबूस वास येऊ लागला. त्या संध्याकाळी मी पुतण्यांना दुसरे पत्र लिहिले. आता असे ठरत आहे की निगेटिव्ह तेथील शीतगृहात जातील. प्रिंट, वह्या, ओळखपत्र, घोंगडी, दगड आणि तिकिटे सातारा जिल्ह्यातच राहतील. स्कॅनचे पूर्ण संच दोन्हीकडे असतील आणि तिसरा संच तिसऱ्या गावी, दुसऱ्या प्रकारच्या साठवणीवर. संग्रह असा दोन जागी ठेवणे मला आवडलेले नाही, म्हणून प्रत्येक चौकटीचा क्रमांक दोन्ही सूचींत एकच राहील असे कलम घातले आहे. चित्रांचे हक्क वारसांकडेच आहेत. चित्र आपल्या कपाटात आहे म्हणून ते छापण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही, हे आपल्याकडील पुष्कळ संस्थांना कळायला हवे. जिल्ह्यातील शाळा, ग्रामपंचायती आणि चित्रांतील माणसांची घरे यांना मात्र प्रती विनामूल्य मिळतील, एवढी सवलत त्यांनी आनंदाने दिली.

मी आग्रहाने मागितलेले शेवटचे कलम नावांविषयी आहे. तेथील सूचीत प्रत्येक ओळखलेल्या माणसाचे नाव आणि गाव देवनागरीत लिहिले जाईल. रोमन अक्षरांत हवे तर शेजारी लिहावे. पत्रकारांच्या कानाने ऐकलेले गावाचे नाव त्यांच्या पेन्सिलीत तीन चित्रांवर तीन तऱ्हांनी आले आहे, आणि तेवढ्यावरून त्या गावाचा माणूस उद्या शोधू लागला तर त्याला स्वतःचे गाव सापडणार नाही. विद्यापीठातील सूचीकारांनी उत्तरादाखल विचारले की जोडाक्षरे त्यांच्या संगणकावर तुटलेली दिसतात, ती कशी तपासावीत. मी त्यांना ९४ नावांची यादी चित्ररूपातही पाठवली आहे, म्हणजे ते अक्षराला अक्षर लावून पाहू शकतील. त्या यादीत हंडावाल्या बाईंचे नाव एकाहत्तरावे आहे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही गावांसह. तेवढ्यापुरती त्या घराने मला परवानगी दिली आहे.

येत्या रविवारी मी सांगली जिल्ह्यातील एका पुनर्वसित वस्तीवर जाणार आहे. तेथे एक आजोबा आहेत, ज्यांचा धाकटा भाऊ छावणीतील स्वयंपाकाच्या चित्रात असावा असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले आहे. चित्रात पाच पुरुष चुलाणाभोवती बसले आहेत आणि मोठ्या काहिलीत काही शिजते आहे. चौघांची नावे मिळाली आहेत. पाचव्याने आमच्याकडे पाठ केली आहे. त्याच्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर वेगळ्या रंगाचे ठिगळ आहे, तेवढा भाग मी मोठा करून वेगळा छापून घेतला आहे.